पिंपळ उपटणाऱ्यांचं घर

केडगावात आमचं घर दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं. नाताळात गल्लीभर आमच्याकडच्या करंज्या जायच्या, ही एक. दुसरी अशी की कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला की तो उपटायला आमच्याच घरचं माणूस लागायचं. पिंपळाला हात लावणं पाप, आणि नाही लावावा तर तो भिंत फोडणार, आडाचे दगड उकलणार, हेही सगळ्यांना ठाऊक. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे आम्ही. आम्ही ख्रिस्ती. "तुमच्यात चालतं," म्हणत माणूस दारात यायचा, त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा असायचा, आणि माझे वडील पायात चपला सरकवून त्याच्यामागे निघायचे.

आधी हे काम आजोबा करायचे. जमीनजुमला काही वारशानं आला नाही, हे मात्र आलं. आई चिडायची. "पाप लोकांचं आणि हमाली आपली," म्हणायची, आणि गूळ डब्यात नीट झाकून ठेवायची. शाळेत मैत्रिणी मला हळूच विचारायच्या, तुझ्या पप्पांना पिंपळावरचं काही झपाटत नाही का? मी सांगायचे, रोज झपाटतं, पण त्यांना गृहपाठ तपासायचा असतो म्हणून सोडून देतं. पप्पांना यात ना पाप दिसायचं ना पुण्य. शेजाऱ्याची अडचण होती आणि ती त्यांच्या हातानं सुटत होती, एवढंच. ते रोपाच्या बुडाशी पाणी सोडायचे, थोडं थांबायचे आणि मुळासकट अलगद काढायचे. भिंतीचा टवका उडू द्यायचे नाहीत.

ते नगरला एका धंदेशिक्षणाच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. सगळ्या झाडांकडे लाकूड म्हणूनच बघायची त्यांना सवय. सागाविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. बाभळीला ते मान द्यायचे. आंब्याच्या लाकडाबद्दल वाईट बोलायचे, पण घरातले पाट त्याचेच होते. पिंपळाचं नाव काढलं की हसायचे. "त्याची चौकट होत नाही, फळी होत नाही. ते लाकूड नाही, नुसतं झाड आहे," म्हणायचे. पुढे त्या नुसत्या झाडावाचून त्यांचं पान हलणार नव्हतं, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

आमची गल्ली पुणे रोडला मिळते, तिथं तोंडाशीच एक थोरला पिंपळ होता. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याला पार नव्हता, देव नव्हता, कुणी त्याला फेऱ्याही घालत नसे. मुळं जमिनीवर आलेली, त्यांच्या मधल्या खाचांत पाला साचलेला. काष्टीच्या बाजाराला निघालेली माणसं टेम्पोची वाट बघत त्या मुळांवर टेकायची. शेळ्या पाला खायच्या. समोर एक किराणा दुकान होतं. दुकानवाले काका आधी शेतकरी. रान प्लॉटिंगमध्ये गेल्यावर त्यांनी दुकान टाकलं होतं, पण पुड्या बांधताना हात अजून औताचा होता. पप्पांची आणि त्यांची दोस्ती जुनी. त्यांच्या पडक्या आडातले पिंपळ पप्पांनी इतक्यांदा काढले होते की काकांनी गूळ देणंही सोडून दिलं होतं.

नव्वद सालानंतर पप्पांचे डोळे गेले. काचबिंदू होता. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं, आणि निवृत्तीच्या सुमारास उजेड-अंधार सोडून काही उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पप्पांनी कधी तक्रार केली नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. आदळआपट केली असती तर आम्हालाही रडून घेता आलं असतं.

महिनाभर ते ओट्यावर बसून होते. मग एका सकाळी उठले आणि फाटकाबाहेर पडले. उजवा हात भिंतीवर ठेवून भिंतीच्या शेवटापर्यंत गेले. तिथून पुढे पडीक जागा होती, हाताला धरायला काही नाही. तिथं ते थांबले. मान जराशी वळवली आणि ऐकू लागले. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असतो, वारा नसला तरी पान हलतं. दुपारी कडुलिंब मुकाट उभा असतो तेव्हाही पिंपळाची सळसळ चालूच असते. ती सळसळ ऐकत पप्पा उघड्या जागेतून सरळ चालत गेले, काठीनं मुळं चाचपली आणि एका मुळावर जाऊन बसले. मी दारातून बघत होते. 

त्यानंतर तो त्यांचा रोजचा रिवाज झाला. सकाळी ते पिंपळाखाली जायचे. गिऱ्हाईक नसलं की काका दुकानातून मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. अवघड शब्द आला की काका तो गाळून पुढे जायचे आणि पप्पा बरोबर तिथंच अडवायचे. "आमी काय तुमच्यासारखं मास्तर हाय का?" काका म्हणायचे, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. ऊन डोक्यावर आलं की पप्पा परत. परतताना ते सळसळ पाठीशी ठेवायचे, समोर भिंत हाताला लागेपर्यंत.

मी तेव्हा नगरला शिकवायला जायचे. एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा कोपर धरला आणि म्हटलं, मी सोडते. त्यांनी कोपर हळूच सोडवून घेतला. "सगळं तुम्ही दोघी करता," ते म्हणाले. "अंघोळीचं पाणी तुम्ही काढता, ताटात भाजी कुठं आहे ते तुम्ही सांगता. तेवढं जाणं तरी माझं राहू दे." ते चिडून बोलले असते तर मी वाद घातला असता. ते विनवणीनं बोलले. मी पुन्हा कधी त्यांचा हात धरला नाही.

पुणे रोड रुंद करायचं ठरलं ते त्याच्या पुढच्या साली. रस्त्याच्या कडेचे कडुलिंब आणि चिंचा गेल्या. पिंपळावरही चुन्याची फुली आली. ती फुली पप्पांना दिसली नाही आणि आम्हीही सांगितली नाही. काकांनीही तोंड मिटून ठेवलं. पण एका दुपारी रस्त्याच्या कामावरचा मुकादम आमच्या दारात आला, आणि त्यानं कडी वाजवण्याआधीच मला त्याच्या हातातला कागद दिसला. गुळाचा.

"मी खर्ड्याकडचा," तो ओट्यावर टेकत म्हणाला. आईनं पाणी दिलं. "रस्त्याच्या कामावर हाये. कोपऱ्यावरचं ते झाड काढायचंय. पर माझी मान्सं पिंपळाला हात लावीनात. लोक म्हनले, ह्या घरी जा. ह्यांच्यात चालतंय."

मुकादमानं ओट्यावर ठेवलेला कागद पप्पांनी बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "मी भिंतीतली रोपं काढतो. ते झाड आहे."

"रोप बी झाडच की, मास्तर."

"माझे डोळे गेलेत."

"तुमी नुसती पयली कुऱ्हाड लावायची," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "जागा आमी दावतो, हात धरतो. पयला घाव तुमचा पडला की बाकीचं माझी मान्सं करत्याल. मग त्यास्नी काय न्हाई."

मी पोरगी असून मध्ये बोलले असते, पण आई आतून आधी बाहेर आली. तिनं गुळाचा कागद उचलला आणि मुकादमाच्या हातात परत दिला. "दुसरं घर बघा," ती म्हणाली. मुकादम खरोखर बुचकळ्यात पडला. तो गेल्यावर पप्पा म्हणाले, "त्याची चूक नाही. इतकी वर्षं आपणच लोकांना सवय लावली." त्या रात्री ते जेवले नाहीत. लोकांनी आपल्याला काय म्हणून घरात बोलावलं, याचा विचार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केला असावा. मला वाईट वाटलं ते त्याचंच. इतकी वर्षं ते शेजारधर्म समजून जात होते.

पिंपळ वाचवायची युक्ती काकांनी काढली. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, चहाची बशी फुंकत बसले, पण मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाले, "मास्तर, त्या झाडावर मुंजा हाय."

पप्पा हसले. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचं भूत. पिंपळ हे त्याचं घर. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आजपासून," काका म्हणाले. "एक दगुड ठिवायचा, शेंदूर लावायचा. मुंजोबा म्हनायचं. मंग कोन येतंय तोडायला बघू. पर तुमाला इचारल्याबिगर न्हाई करनार. तुमी रोज तितं बसता. तुमाला चालंल का?"

"झाड राहील?"

"ऱ्हाईल की."

"मग चालेल," पप्पा म्हणाले.

मंगळवारी सकाळी दगड बसला. दुपारपर्यंत नारळ फुटले, आणि संध्याकाळपर्यंत मुंजोबा जुना झाला. कुणाच्या तरी सासऱ्यानं त्याला पांढऱ्या धोतरात पाहिलं होतं, कुणाची म्हैस तिथं बिथरली होती. माणसं ज्या झपाट्यानं आठवू लागली ते बघून मी पोट धरून हसले. मुकादम आला, शेंदूर बघितला, हात जोडले आणि एकदम हलका झालेला दिसला. वरचे साहेब येऊन गेले, मापं फिरवली गेली, आणि गटाराची रेघ पिंपळाला वळसा घालून गेली. गटाराचं ते वळण अजून तसंच आहे.

रविवारी आमच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, निघताना पाळकसाहेबांनी पप्पांना बाजूला घेतलं. लोक बोलताहेत, म्हणाले. "मी झाडाखाली बसतो, दगडापुढे नाही," पप्पा म्हणाले, आणि विषय तिथं संपला. गल्लीत त्या साली आमच्या करंज्यांबरोबर मुंजोबाचा प्रसादही फिरला. आम्ही झाड वाचवलं, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

पुढच्या पावसाळ्यात पप्पांना ठेच लागली. ओली मुळं निसरडी झालेली. अंगठ्याचं नख निघालं, रक्त थांबेना. काकांनी स्वतःच्या उपरण्याची पट्टी फाडून बांधली आणि त्यांना घरी आणून सोडलं. जाताना म्हणाले, "ह्याचा बंदोबस्त करतो मी."

केला. मुंजोबाची आता एक कमिटी झाली होती. वर्गणी निघाली, पार बांधायचा ठरला. वर आलेली मुळं कुऱ्हाडीनं तोडून जागा सपाट केली. रस्त्यासाठी ज्या पिंपळाला कुणी एक घाव घालायला तयार नव्हतं, त्याचीच गाडीभर मुळं देवाच्या कामासाठी तोडली. देवाचं काम म्हटलं की पाप लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. बुंध्याभोवती मुरूम भरला, वर काँक्रीट ओतलं, त्यावर गुळगुळीत फरशी. आणि काकांच्या हट्टानं आमच्या भिंतीच्या शेवटापासून पारापर्यंत सिमेंटची पायवाट. "मास्तरला ठेच लागाया नगो," ते गवंड्याला सारखं बजावत होते.

सिमेंट ओलं होतं तेव्हा पप्पांना बोलावलं. ते गुडघ्यांवर बसले आणि तळहातानं पातळी बघू लागले. "इकडं पाणी साचेल," म्हणाले. गवंड्यानं तिकडचा उतार सुधारला. त्यांचा तळवा एका जागी उमटला तो तसाच राहिला. पप्पा फार आनंदात होते. दुसऱ्या आठवड्यापासून ते काठी न घेता जाऊ लागले. काठी दाराला टेकलेली बघून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी म्हटलं, आता रडायचं काय कारण? "तुला नाही कळायचं," ती म्हणाली. मला कळत होतं. त्या वर्षासारखं सुखाचं वर्ष आमच्या घरात त्यानंतर आलं नाही.

पुढच्या चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटली. मला तो दर वर्षीसारखाच दिसला. पप्पा जेवताना म्हणाले, "या वेळी पानं कमी आलीत."

"भरलाय की," मी म्हटलं.

"वरच्या अंगाला वाजत नाही."

काकांना विचारलं तर ते म्हणाले, वारं पडलंय. मीही तेच म्हणाले. पप्पांनी मान हलवली, पण भिंतीच्या शेवटी ते आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागले. पायाखाली पायवाट होती, ऐकायची तशी गरज नव्हती, तरी थांबायचे. त्यापुढच्या चैत्रात ते सगळ्यांनाच दिसलं. शेंडे उघडे पडले होते. मधल्या फांद्यांवर पानं होती, पण लहान आणि पिवळट.

एका सकाळी पप्पा पारावर बसले नाहीत. ते बुंध्यापाशी गेले आणि बोटांनी खाली चाचपत राहिले. फरशी आणि साल यांच्यामध्ये बोट जाईल एवढीही जागा नव्हती. त्यांनी साल दाबली, तर ती सुटून हातात आली. काका दुकानातून उठून आले. पप्पांनी विचारलं, "मुळं कुठपर्यंत तोडली होती?"

 काका म्हणाले, "पार तुमच्या भिताडापतुर. तुमचा पाय अडाकला न्हाई पायजे म्हनून."

"हो," पप्पा म्हणाले. "माझ्याचसाठी केलं तुम्ही."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, आणि म्हणूनच काका कोलमडले. पांढऱ्या मिशांचा तो माणूस पारावर बसून लहान पोरासारखा रडू लागला आणि पप्पा त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. पप्पांच्या दुसऱ्या हातात ती साल होती. ती त्यांनी घरी आणली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून माती मोकळी करावी, पाणी घालावं, कदाचित उरलेली मुळं धरतील. काका पहार घेऊन तयार होते. पण कमिटी आता काकांच्या हातात राहिली नव्हती. नव्या प्लॉटवरची तरणी माणसं तिच्यात आली होती, मुंजोबाचा उत्सव व्हायला लागला होता, मंडप पडायचा, स्पीकर लागायचा. देवाच्या जागेवर घण कसा घालायचा, असं त्यांनी विचारलं. काका आवाज चढवून भांडले. तेव्हा एक जण पप्पांकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला, "मास्तर, तुमचं ठीक हाय. तुमच्यात चालतं. आमच्यात न्हाई चालत."

मी घरी येऊन भांडी आपटली. पप्पांना म्हटलं, जा आणि दुपारी कुणी नसताना फोडा, मी येते घण घेऊन. मी खरंच गेले असते. तेव्हा मी तशीच होते. पप्पा म्हणाले, "झाड वाचलं तरी उद्या लोक काय म्हणतील? ख्रिश्चन माणसानं देव फोडला म्हणतील. मग या गल्लीत तुझी आई पाणी कुणाच्या नळावर भरेल?"  ज्या हातांनी या लोकांच्या भिंतीतले पिंपळ काढले, ते हात आता एका पिंपळासाठी उचलता येत नव्हते. माझा तेव्हाचा संताप अजून ओसरलेला नाही.

पिंपळ एकदम मेला नाही. एकेक फांदी देत गेला. वादळात एक मोठी फांदी दुकानाच्या पत्र्यावर पडली, तेव्हा मात्र झाड काढायचं ठरलं. वाळलेला पिंपळ तोडला तर पाप लागत नाही म्हणाले. आमच्याकडे कुणी गूळ घेऊन आलं नाही. करवत चालू झाली तेव्हा पप्पा ओट्यावर होते. बराच वेळ ते आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "दातांना धार नाही. उगाच हाल करताहेत." ते उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. झाड पडल्याचा हादरा घरातल्या भांड्यांना बसला. आईनं ताटाळं हातानं धरून ठेवलं होतं.

मुंजोबाला काही झालं नाही. त्याच्यावर पत्र्याची शेड आली. घंटा आली.

काही दिवसांनी पप्पा पुन्हा निघाले. मीच म्हटलं होतं, पायवाट आहे की, काका वाट बघतात. ते भिंतीच्या शेवटी थांबले, मान वळवली. ऐकायला काही नव्हतं. ते पायवाटेनं चालू लागले, पण पूर्वी आवाज हळूहळू डोक्यावर यायचा आणि त्यावरून त्यांना कुठं थांबायचं ते कळायचं. आता कळलं नाही. पायवाट सुटल्याचं न कळता पाराच्या कडेनं ते तसेच पुढे गेले, गटाराच्या वळणावरून उतरले आणि पुणे रोडवर उभे राहिले. ट्रकचा हॉर्न मला घरात ऐकू आला. मी पोहोचेपर्यंत काकांनी अनवाणी पळत जाऊन त्यांना मागे ओढलं होतं.  पप्पा एवढंच म्हणाले, "मी कुठं आहे?"

त्या दिवशी घरी येताना त्यांनी स्वतःहून माझा हात धरला. नंतर ते एकटे कधी कुठं गेले नाहीत. काका पेपर घेऊन ओट्यावर यायला लागले. ते वाचायचे, पण आता पप्पा गाळलेल्या शब्दाला अडवत नसत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका संध्याकाळी कमिटीची माणसं दारात आली. काका त्यांच्याबरोबर होते, पण मागे उभे, मान खाली घातलेली. पुढच्या माणसाच्या हातात गुळाचा कागद होता. शेडच्या मागच्या अंगाला, पाराच्या फटीत पिंपळ उगवला होता. फरशी उचकटायला लागली होती. तिथं आता संगमरवर बसवायचा होता.

"मास्तर, तेवढं काढून द्या," तो म्हणाला. "तुमच्या हातानं निघालं की मुळातनं निघतं, असं समदे म्हनत्यात."

मी दार लावून घेणार होते. पप्पा म्हणाले, "थांब. चल मला घेऊन." मी त्यांचा हात धरून त्या पायवाटेनं त्यांना नेलं. सगळे पाराभोवती उभे राहिले. कुणीतरी तांब्याभर पाणी आणलं होतं, बुडाशी सोडायला. पप्पा खाली बसले. बोटांनी फरशीची कड शोधली, फट शोधली, आणि मग ते रोप त्यांच्या बोटांना लागलं. वीतभर होतं. त्यांनी एक पान दोन बोटांत धरलं, देठापासून टोकापर्यंत चाचपलं. मान खाली नेली आणि कान त्याच्याजवळ नेला. आम्ही सगळे बघत होतो. 

"घावलं का, मास्तर?"

"सापडलं."

"मग वढा की."

पप्पांनी तांब्यातलं पाणी बुडाशी सोडलं, सगळं. ते नेहमीसारखे थोडे थांबले. मग माझ्या हाताला धरून उठले आणि ओले हात सदऱ्याला पुसले.

"नाही," ते म्हणाले. "आमच्यात चालत नाही."

कमिटीतला माणूस काहीतरी म्हणायला गेला, पण काकांनी त्याचा दंड धरला. आम्ही परत निघालो. भिंतीशी आल्यावर पप्पा सवयीनं थांबले. "पान अजून कोवळं आहे," म्हणाले. "वाजायला बरीच वर्षं लागतील."

त्या रोपाला तेवढी वर्षं मिळाली नाहीत. संगमरवराच्या कामाला बाहेरगावची माणसं आली होती, त्यांनी ते केव्हा काढलं मला कळलंही नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पायवाट आहे का विचारलं. आहे, मी म्हटलं. हाताचा ठसा? तोही आहे.

पप्पा गेले त्यालाही आता खूप दिवस झाले. केडगावात प्लॉट वाढले, भिंती वाढल्या, भिंतींत पिंपळही उगवतातच. अधूनमधून कुणीतरी नवं माणूस, जुन्या कुणाकडून तरी ऐकून, गुळाचा कागद घेऊन आमच्या फाटकाशी येतं. मी त्यांना फाटकातूनच सांगते, आमच्यात चालत नाही. ते माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघतात आणि गोंधळतात.